वस्तादाचं पोट

काचेच्या हंडीत वैजयंता सासनेचं नवं पोट पडलं होतं. रंगानं सोललेल्या कोळंबीसारखं, आकारानं पाणक्याच्या मशकीसारखं, आणि तोंडावर कसलाही भाव नाही. वैजयंता पाच मिनिटं त्याच्याकडे एकटक बघत होती. आपलंच पोट समोरासमोर भेटलं तर काय बोलावं, याचा रिवाज अजून पडलेला नव्हता.

“हालत का न्हाई ते?” तिनं शेवटी विचारलं.

“अडाणी आहे,” डॉ. आफरीन शिकलगार म्हणाल्या.

कोल्हापूरच्या त्या सरकारी जठरशाळेत अशा बावीस हंड्या रांगेनं मांडल्या होत्या. साल २०६४. गालाच्या आतून चिमूटभर पेशी काढायच्या आणि त्यांच्यापासून नवा अवयव वाढवायचा, यात नवल वाटण्याचे दिवस केव्हाच मागे पडले होते. यकृत तीन महिन्यांत तयार व्हायचं, मूत्रपिंड पाच महिन्यांत. ही सगळी सरळमार्गी मंडळी. बसवली की कामाला लागायची. जठराचं मात्र तसं नव्हतं.

“पोटाच्या भिंतीत मज्जातंतूंचं आपलं वेगळं जाळं असतं,” डॉक्टर सांगत होत्या. “कधी आवळायचं, कधी सोडायचं, आलेला घास किती वेळ घुसळायचा, हे पुष्कळसं ते जाळं स्वतःच ठरवतं. डोक्याला विचारत नाही. पण ते जन्मापासून घास घास करत शिकत आलेलं असतं. या हंडीतल्या पोटानं अजून एक शीत पाहिलेलं नाही. असंच बसवलं तर तुम्ही भात गिळाल आणि ते चार दिवस तसाच सांभाळून ठेवील. पाहुण्याची बॅग ठेवतात तसं.”

“मग शिकवा की त्याला.”

“तेच करतो. वस्ताद लावून.”

ही रीत अशी. एखाद्या निरोगी माणसाच्या पोटावर पट्टा बांधायचा. पट्ट्यात दोन हजार बारीक टिपणीयंत्रं. माणूस जेवला की त्याच्या पोटातली प्रत्येक थरथर पट्टा टिपणार आणि बिनतारी हंडीकडे पाठवणार. हंडीतलं पोट मग तीच थरथर गिरवणार. चाळीस दिवस, रोज तीन जेवणं. सरकारी कागदावर अशा माणसाला ‘जठरीय मज्जासंस्कार-प्रदाता’ म्हणत, पण उपाशीपोटी हा शब्द कुणाला उच्चारता येईना. आणि गाव पडलं कोल्हापूर. शिकवणारं पोट वस्ताद झालं, शिकणारं पोट पठ्ठ्या झालं, आणि सगळ्यांची सोय झाली.

अडचण एकच होती. दुसऱ्याच्या सांगण्यावरून चाळीस दिवस जेवायला कुणी पुढं येईना. म्हणून कायदा झाला: ज्याच्या चुकीनं पोट गेलं, त्यानंच वस्ताद व्हायचं. आणि त्यानं काय जेवायचं, हे ज्याचं पोट गेलं त्यानं ठरवायचं. याला ‘ताटाचा हक्क’ म्हणत. लोक आपापल्या घरच्या चवी मागतील, आमटी मागतील, आईच्या हातची भाकरी मागतील, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं. ती माणसं स्वभावानं बरी असावीत.

“ताटाचा हक्क,” वैजयंता म्हणाली. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं. “कागद द्या.”

*

वैजयंता ही पाच तालुक्यांत गाजलेली कबड्डीची निवेदक. तिचा आवाज असा, की रुपेवाडीच्या मैदानात माईक बंद पडला तरी शेजारच्या गावाला गुण कळायचे. खेळाडू चढाईला गेला की ती श्वास घ्यायची नाही. त्याचा सुटायचा तेव्हाच हिचा सुटायचा. लोक म्हणायचे, खेळ थोडा कमी असला तरी चालेल, पण वैजाक्का पाहिजेत.

चैत्रातल्या जत्रेचा अंतिम सामना. मध्यंतराला तिचा घसा सुकला, आणि स्पर्धेचे यजमान सर्जेराव पोतदार धावत जाऊन आपल्या कारखान्यातून थंडगार लेमन सोडा घेऊन आले.

सर्जेरावांचा कारखाना चांदीच्या पैंजणांचा. बाकीच्या गावानं चांदी उजळायला कंपनाची यंत्रं घेऊन वीस वर्षं झाली होती. सर्जेराव मात्र आज्ज्याच्या रीतीनं तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, वापरत. उन्हाळ्यात तेजाब तापतं आणि चांदीवर रुसतं, असं आज्जा म्हणायचा, म्हणून ते फ्रीजमध्ये. वेगळी बरणी कशाला, म्हणून सोड्याच्या रिकाम्या बाटलीत. आणि चूक होऊ नये म्हणून त्या बाटलीच्या गळ्यात लाल दोरा. आज्ज्याच्या काळापासून कारखान्यातल्या प्रत्येकाला माहीत: लाल दोरा, हात लावू नका.

पण जत्रेच्या दिवशी कारखान्याची पूजा असते. त्या सकाळी सर्जेरावांनी भक्तिभावानं ऐरणीला लाल दोरा बांधला, हातोडीला बांधला, तराजूला बांधला, फ्रीजच्या मुठीला बांधला. फ्रीज उघडाच होता, म्हणून आतल्या सोड्याच्या सगळ्या बाटल्यांनाही बांधला.

वैजयंतानं ती बाटली एका दमात तोंडात उपडी केली. एका दमात, कारण तिला दुसरी पद्धत ठाऊक नव्हती.

त्यात भर म्हणून जमलेल्या जाणत्यांनी तिला मिठाचं पाणी पाजून उलटी करवली. “हे कधीही करायचं नसतं,” डॉक्टर नंतर म्हणाल्या. “जाताना एकदा जाळलं होतं, येताना परत जाळलं.” तरी त्यातल्या त्यात नशीब असं, की आम्ल घाईत असतं. अन्ननलिकेतून ते झरझर उतरतं आणि जठराच्या तळाशी जाऊन बैठक मारतं. दुर्बीण घालून बघितलं तेव्हा घसा लाल, अन्ननलिका भाजलेली पण शाबूत, आणि पोट कोळशासारखं काळं. त्याच दिवशी ते काढून टाकावं लागलं. मग आतड्यात बसवलेली नळी. रोज पाच वेळा नळीतून पांढरा पातळ आहार. चव नाही, वास नाही, भूक नाही, ढेकर नाही. जत्रेच्या जेवणावळी, लग्नाच्या पंगती, सगळ्या तिनं खिडकीतून हुंगल्या.

“आवाज वाचला ही देवाची कृपा,” भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा.

वैजयंताला दोनच गोष्टी हव्या होत्या. पुढच्या जत्रेत भरल्या पोटानं माईकसमोर उभं राहायचं, आणि त्याआधी सर्जेरावाला रडताना बघायचं. आज्ज्याची रीत म्हणे!

*

“हे काय आहे?” डॉक्टरांनी कागद वाचून विचारलं.

“ताट.”

सकाळी: सातूची पेज, थंड, बिनमिठाची. दुपारी: सातूची पेज, थंड, बिनमिठाची, सोबत कारल्याचा रस एक पेला. सायंकाळी: उकडलेला शेपू. मग पुन्हा पेज, तिला सुनं वाटू नये म्हणून.

“चाळीस दिवस?”

“पौष्टिक हाय का न्हाई तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी हिशेब करून पाहिला. दुर्दैवानं ते अत्यंत पौष्टिक होतं.

सर्जेराव पोतदार म्हणजे पंचेचाळीस वर्षांचा, सव्वाशे किलोचा भला माणूस. तांबडा रस्सा वाटीनं नव्हे, तांब्यानं पिणारा. पहिल्या दिवशी पट्टा बांधून ते टेबलाशी बसले, पेजेकडे बघितलं, आणि आजूबाजूला बघितलं. बहुधा बाकीचं ताट यायचं असेल. तेवढ्यात दारातून वैजयंता आली. एका हातात नळीचा स्टँड, दुसऱ्या हातात माईक. मागून वॉर्डबॉयनं ढकलत आणलेला जत्रेतला मोठा लाऊडस्पीकर. तो तिनं त्यांच्या पोटापासून हातभर अंतरावर ठेवायला लावला.

“वैजाक्का,” सर्जेराव हात जोडून उठले. “तोंड दाखवायला जागा न्हाई बघा मला. त्या दिवसापासनं कारखाना बंद हाय. तुमी काय सांगशिला ते खातो. पर एकदा माफ—”

“नमस्कार मंडळी!” स्पीकर गरजला. खिडकीची तावदानं थरथरली. “रुपेवाडीचे नामवंत चढाईपटू सर्जेराव पोतदार मैदानात उतरलेले आहेत! समोर आहे सातूची पेज! चमचा उचलला... चमचा वळला... आणि हा पहिला घास! अहाहा! चेहरा बघा मंडळी, चेहरा बघा! जत्रेतला सोडा आठवतोय का, पोतदार? थंडगार होता!”

सर्जेरावांनी गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. वैजयंताच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठ महिन्यांत आतड्याच्या नळीनं जे केलं नव्हतं, ते या एका घासानं केलं.

त्यानंतर एकही जेवण तिनं सोडलं नाही. ती रोज नवी वाक्यं रचून यायची. कारल्याच्या रसाला तिनं ‘बोनस’ असं नाव ठेवलं. शेपू आला की ती सर्जेरावांच्या बायकोच्या हातच्या मटणाचं साग्रसंगीत वर्णन करायची, तेलाच्या तवंगासकट. घास थांबला की ती आकडे मोजायची, तीस सेकंदांची चढाई संपत आल्यासारखी. सर्जेराव खाली मान घालून खात. एकदाही उठले नाहीत. एकदाही उलट बोलले नाहीत. ती गेली की मात्र ते पट्ट्यावर हात ठेवून आपल्याच पोटाशी हळू आवाजात काहीतरी बोलत बसत. घाबरलेल्या म्हशीची समजूत काढतात तसं.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं.

“ताई, कारलं चालू द्या. पण माईक बंद करा.”

“का? कायद्यात बसत न्हाई?”

“कायद्यात बसतं. पोटात बसणार नाही. वस्तादाचं पोट जे जे करतं ते पठ्ठ्या उचलतो. भीतीसुद्धा. का घाबरलं, कुणाला घाबरलं, हे त्याला कळत नाही. नुसतं घाबरणं तेवढं शिकतो.”

“तुमाला दया यायली त्याची,” वैजयंता म्हणाली. “माझी आलीया आठ महिनं, आता त्याची येऊ द्या की. वाटून घ्या.”

तिसाव्या दिवशी सर्जेराव स्वतःच बोलले. वजन वीस किलोनं उतरलं होतं, सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता.

“वैजाक्का, एक मागणं हाय. पेजंचं काय न्हाई. खरं सांगतो, आता गोड लागती. कारलंबी पचवलं मी. फकस्त तुमी गप बसा. नुसतं समोर बसा, शिव्या कागदावर लिवून द्या, मी मोठ्यांदा वाचतो. पर बोलू नगासा. तुमचा आवाज आला की पोटात कोण तरी लाथ मारतंय.”

वैजयंतानं हे शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं स्पीकरचा आवाज दोन खुणा वाढवला.

*

शस्त्रक्रिया झ्याक झाली. घशात नळी असल्यामुळे पुढचे दहा दिवस बोलायला बंदी होती. सहाव्या दिवशी घशातली नळी तशीच ठेवून तिच्या कडेनं तिला पहिला घास भरवला: मऊ भात, तूप, मेतकूट. घास उतरला, आणि पोटानं तो अलगद झेलला. आतून ऊब आली. वैजयंता रडली. नर्सही रडली. तुपाचा नुसता वास जरी पुन्हा मिळाला असता तरी तिला पुरलं असतं. इथं अख्खी वाटी मिळाली. त्यानंतर तिला कसलीशी तीव्र इच्छा झाली. तिनं पाटी मागवून घेतली आणि लिहिलं: ‘सातूची पेज आहे का? थंड?’ लिहिलेलं वाचून ती स्वतःच दचकली.

अकराव्या दिवशी नळी निघाली. दुपारचा भात आला. तीन घास झाले. चौथा उचलताना ती नर्सला म्हणाली, “मीठ जरा कमी—”

पोटात कुणीतरी लाथ मारली.

तीन घास, सकाळचा चहा आणि जे जे काही होतं ते सगळं चादरीवर आलं. “काय झालं?” म्हणून नर्स धावली. “काय न्हाई,” वैजयंता म्हणाली, आणि पुन्हा लाथ बसली. गप्प राहिली की पोट गप्प. तोंड उघडलं की पोट उसळे. संध्याकाळपर्यंत तिला कळून चुकलं, की अन्नाशी याचा काही संबंध नाही.

डॉक्टरांनी पट्ट्याच्या नोंदी पडद्यावर लावल्या. एकशे वीस जेवणं, एकशे वीस रेषा.

“ही पेज आली. रेष सपाट. हे कारलं, चौथ्या दिवसापासून तेही सपाट. त्याचं पोट कारल्याला आता ओळखतसुद्धा नाही. आणि हा बघा, इथं माईक सुरू झाला.” रेष ताडासारखी उभी राहिली होती. एकशे वीस वेळा.

वैजयंतानं पाटीवर लिहिलं: ‘पोटाला कान असतात?’

“कान नसतात. पण ढोल वाजला की पोटात घुमतं ना? तेवढं पुरतं. तुम्ही तर स्पीकर हातभर अंतरावर लावला होता. प्रत्येक घासाला तीच घुमी, आणि प्रत्येक घुमीला तो माणूस आतून आवळलेला. पठ्ठ्यानं धडा घोकला: ही घुमी आली की अन्न बाहेर टाकायचं आणि पळायचं.” डॉक्टरांनी पडदा बंद केला. “दुसरी माणसं बोलतात ती लांबून. तुमचा आवाज तुमच्याच छातीत उठतो, ताई. पोटाच्या अगदी डोक्यावर.”

पाटी: ‘परत शिकवा.’

“तालीम हंडीतच होते. अंगात बसलं की पोट शिकत नाही, शिकलेलं वापरतं.”

वैजयंतानं पाटी पुसून बाजूला ठेवली. समोर भाताची वाटी होती, पण आता ती गप्प असूनही पोट धास्तीनं आवळून बसलं होतं. दोन दिवस तिला काहीच गेलं नाही. आतड्यातली नळी पुन्हा घालावी लागणार, असं डॉक्टर बोलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी नर्सशी बोलत होतं. “सिस्टर, ह्यो पट्टा जमा करायचा हुता. पावती मिळंल का? न्हाई म्हंजे, परत कोण मागाय नको...”

वैजयंताच्या पोटात गुरगुर झाली.

भूक लागली. अशी भूक, जशी तिला शाळेतून धावत घरी येताना लागायची. अंग सैल पडलं. ती उठून बसली, वाटी ओढली आणि खाऊ लागली. बाहेर पट्ट्याच्या पावतीवरून घोळ चालला होता. पावतीपुस्तक सापडत नव्हतं, मग सही कुणाची हे ठरत नव्हतं, आणि सर्जेराव पोतदार आपल्या संथ, पाण्यात दगड बुडावा तशा आवाजात प्रत्येकाची समजूत घालत होते. वैजयंतानं भात संपवला, वरण संपवलं, वाटी बोटानं पुसली. ते गेले, आणि भूक गेली.

“बरोबर आहे,” डॉक्टर तिची पाटी वाचून म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र बरोबर नव्हता. “त्या पोटाची तालीम त्यांच्या पोटाबरोबर झाली. तुमचा मारा संपून तुम्ही गेलात की ते रोज आपल्या पोटाशी बोलत बसायचे. तो आवाज आला की सुटका झाली, हेही ते शिकलंय. त्याला वाटतं, आपलं माणूस आलं.”

त्यांचा आवाज यंत्रावर नोंदवूनही पाहिला. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी पोटानं तो ओळखला आणि नाकारला. डॉक्टरांनी कारण शोधलं: नोंदवलेला माणूस मधेच ढेकर देत नाही.

*

सर्जेराव आता रोज दोनदा येतात. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सातला, वैजयंताच्या घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसतात आणि बोलतात. सुरुवातीला विषयांची टंचाई होती. हवापाणी झालं, बायकोचा गुडघा झाला, फ्रीज कसा विकला ते झालं, नव्या यंत्रानं चांदी कशी भुताच्या चेहऱ्यासारखी पांढरी निघते ते झालं. वैजयंता आतल्या खोलीत ताटावर बसून दात आवळून जेवते. मानेच्या वर ती त्यांचा द्वेष करते. मानेच्या खाली तिचा इलाज चालत नाही.

पाटीवर ती त्यांना शिव्या लिहून दाखवते. ते चष्मा लावून वाचतात आणि म्हणतात, “अक्षर झ्याक हाय, अक्का.”

पुन्हा चैत्र आला. जत्रेच्या दिवशी लांब मैदानातून नव्या निवेदकाचा आवाज येत होता. तो चढाईच्या मध्यावर श्वास घेत होता. वैजयंतानं खिडकी लावून घेतली. ताट वाढलेलं होतं. सात वाजले. सर्जेराव आले, पण आज खुर्चीचा आवाज झाला नाही. काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज झाला. मग खरखर. मग कुणीतरी माईकवर फुंकर मारली.

ती उंबऱ्यात येऊन बघू लागली. तोच लाऊडस्पीकर. सर्जेरावांच्या हातात तिचाच माईक. त्यांच्या चेहऱ्यावर तिनं दुष्टपणा फार शोधला. एक कणभर जरी सापडला असता तरी तिला घास गोड लागला असता.

“जत्रंचा दिवस हाय,” ते म्हणाले. “तुमाला चुकल्यावानी वाटत आसंल. एकशे वीस डाव ऐकलंय मी, अक्का. सगळं तोंडपाठ हाय.”

नको, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं. पोटानं पाय मागं घेतला, लाथेच्या तयारीत. तिनं तोंड मिटलं. पाटी आत राहिली होती.

“नमस्कार मंडळी!” स्पीकर गरजला. “वैजयंता सासने मैदानात उतरलेल्या आहेत! समोर आहे पुरणपोळी! चेहरा बघा मंडळी, चेहरा बघा...”

वैजयंताचा चेहरा रागानं काळानिळा झाला. आणि खाली, स्पीकर तोच असला तरी आवाज आपल्या माणसाचा, म्हणून मोहरून, तिचं पोट आनंदानं गुरगुरू लागलं. इतकं मोठ्यानं, की सर्जेरावांना वाटलं टाळ्याच पडल्या, आणि त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला.

वैजयंता ताटावर जाऊन बसली. तिनं पहिला घास घेतला.